भोंग्याचं खातं

लोकांना रडवणं बऱ्याच जणांना जमतं. रडणाऱ्याला नेमकं कुठे थांबवायचं हे मात्र मास्तरलाच जमायचं, आणि त्याचाच तो पगार घ्यायचा.

तो काही खरा मास्तर नव्हता. पूर्वी वक्तृत्वाचे वर्ग चालवायचा. हात कुठे ठेवावेत, श्वास कुठे घ्यावा, कोणत्या शब्दावर थांबावं, असलं सगळं शिकवायचा. वर्ग डबघाईला आले तेव्हा त्याला ही कंपनी भेटली. कंपनी वय तपासायची. फोनसमोर तोंड धरायचं, मान डावीकडे, मान उजवीकडे, पापण्या मिटा, उघडा, आणि मग यंत्र सांगणार की हे माणूस सज्ञान आहे की अजून पोर आहे. यंत्र उत्तम आहे असं यंत्र बनवणारे म्हणायचे. पण असं तोंड दाखवत बसायला हौसेनं कोण येणार? आणि गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवणारा पहारेकरी आपणहून कोण नेमणार? सक्ती झाली तरच. म्हणून कंपनीत एका मजल्यावर यंत्र बनवणारे बसत आणि वरच्या मजल्यावर सक्ती बनवणारे. सक्तीवाल्यांच्या मजल्यावर गालिचा होता.

मास्तर सक्तीवाल्यांत. त्याच्याकडे पालकांचा एक मंच होता. मंचाची खोली त्याच मजल्यावर, जिन्याच्या बाजूला; दार वेगळं, पाटी वेगळी. मंचाचं भाडं, मंचाचा चहा, खुर्च्या, पाटीवरची अक्षरं, सगळं कंपनीचं. पालक तेवढे स्वतःचे. कायद्याची चर्चा निघाली की मास्तरनं त्यांतला एखादा बाप, एखादी आई निवडायची, बोलायला शिकवायची आणि जिथे निर्णय होतात तिथे नेऊन उभी करायची. आपण यात काही वावगं करतोय असं त्याला वाटत नसे. पोरांना जपायचं काम आहे, त्यात वावगं काय, असं तो म्हणायचा, आणि असं म्हणणाऱ्यापुढे कुणाची टाप आहे बोलायची!

मग त्याच्या सख्ख्या भाच्यावरच वेळ आली.

थोरल्या बहिणीचा, ताईचा, एकुलता एक मुलगा. गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. घरात त्याला भोंगा म्हणत, कारण हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला जन्मात कळलं नाही. भोंग्याचा एक छंद होता. घरात जे काही घडेल त्याचं सामन्यासारखं धावतं समालोचन करायचं आणि ते आवाजाच्या एका ॲपवर आपल्या खात्यात टाकायचं. ‘आई कपाटासमोर उभी आहे, चावी सापडत नाहीये, वातावरण तापलंय, आणि मंडळी, संशय अर्थातच आमच्यावर!’ ऐकणारे त्याचे दहा-पाच मित्र. तो गेल्यावर ऐकणारी एकटी ताई उरली. रोज सकाळी भांडी घासताना ती फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची, एकेक समालोचन लावायची, आणि भोंगा स्वयंपाकघरभर ओरडायचा. शेजाऱ्यांना आधी चमत्कारिक वाटलं, मग सवय झाली. ‘ही भिंतीवर डोकं आपटून घेत नाही ती तेवढ्या एका गोष्टीमुळे,’ ताईचा नवरा म्हणायचा. मास्तर त्यांना भाऊजी म्हणे. भाऊजी मोजकं बोलणारे. एवढं बोलले म्हणजे खूप झालं.

ते आवाज ॲपमधून उतरवून घेता येत नसत. ती सोय फक्त खात्याच्या मालकाला. मालक राहिला नव्हता, आणि त्याचा फोन तपासासाठी म्हणून पोलिसांनी मोहोर लावून पाकिटात ठेवला होता. भाऊजींनी एकदा आपला फोन शेजारी धरून उतरवून पाहिलं, तर भोंग्यापेक्षा नळाचं पाणीच मोठ्यानं आलं. ते त्यांनी पुसून टाकलं.

‘तुझ्या ऑफिसात एवढी हुशार माणसं आहेत. बघ ना कुणाला सांगून,’ ताई म्हणायची.

‘बघतो गं. आणि घाई कसली? इंटरनेटवर एकदा गेलेलं कधी पुसलं जातं का?’

हे वाक्य त्यानं मंचाच्या पालकांना घाबरवण्यासाठी पाठ केलं होतं. ताईला त्याचाच धीर वाटला.

भोंग्याचं झालं ते असं. मुलांच्या एका साध्या खेळात कुणीतरी त्याच्याशी मैत्री केली. मुलीचं नाव, मुलीचा फोटो. गोड बोलून त्याच्याकडून नको ते फोटो काढून घेतले आणि मग धमक्या सुरू झाल्या. पोरानं आईला सांगितलं, हे विशेष. ताईनं त्या खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे,’ असं उत्तर आलं. पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर, शब्दाला शब्द तेच. पलीकडे माणूसच नव्हता. ताई त्या उत्तरांना उत्तरं लिहीत राहिली, हात जोडून विनवत राहिली, आणि एका दुपारी ती बाजारातून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ऑफिसात ही गोष्ट मास्तरनंच सांगितली. सांगितली म्हणजे त्याचा बांध फुटला. त्यांचा डायरेक्टर खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. हात खरोखर प्रेमाचा होता, असं मास्तर पुढेही म्हणायचा. मग डायरेक्टरनं विचारलं, ‘बहीण बोलते कशी?’

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. मास्तर म्हणाला, ‘चांगलं बोलते.’

तालमीसाठी कंपनीत एक खास खोली होती. सरकारी समितीच्या दालनासारखी हुबेहूब: घोड्याच्या नालेसारखं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि ध्वनिक्षेपक, मधोमध साक्षीदाराची एकटी खुर्ची. ऑफिसातलीच माणसं समितीचे सदस्य व्हायची. हिशेबनीस खडूस सदस्य व्हायचा आणि त्यात त्याला फार मजा यायची. ताईला त्या खुर्चीत बसवलं तेव्हा ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, बँकेत पहिल्यांदा गेलेल्या बाईसारखी.

ती बोलायला लागली आणि तक्रारीवरच अडली. ‘मी लिहीत होते हो. मी परत परत लिहीत होते. एका माणसानं, एका जिवंत माणसानं ते वाचलं असतं ना...’

‘ताई,’ मास्तर हळूच म्हणाला, ‘ते नंतर घेऊ.’

कारण त्याला आतली गोष्ट ठाऊक होती. कायद्याच्या कच्च्या मसुद्यात दोन भाग होते. एक वयाच्या तपासणीचा. दुसरा तक्रारीचा: मुलाच्या जिवाशी खेळ होतोय अशी तक्रार आली तर कंपनीतल्या हाडामांसाच्या माणसानं त्याच दिवशी ती हातात घेतलीच पाहिजे. मोठमोठ्या संकेतस्थळांना हा दुसरा भाग घशात अडकलेल्या काट्यासारखा होता, कारण माणसं नेमावी लागतात आणि माणसं महाग पडतात. डायरेक्टरचं त्यांच्याशी साटंलोटं जमलं होतं. तुम्ही वयाच्या भागाला विरोध करू नका, आम्ही तक्रारीच्या भागाबद्दल चकार शब्द काढणार नाही. एवढंच. कागदावर काही नाही, कुणी कुणाला धमकावलं नाही. जेवण झालं, हात धुतले, आणि पोरांच्या वाट्याचा माणूस कापला गेला.

‘पण नंतर कधी?’ ताई म्हणाली. ‘मुळात तेच तर झालं ना आपल्या बाबतीत? आणि वयाचं म्हणशील तर तो खेळ लहान मुलांचाच होता रे. त्याला कुणी वय विचारलं असतं तरी तो तिथे असताच.’

खडूस सदस्य झालेल्या हिशेबनिसानं मान खाली घातली. ताईनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

‘समितीच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते, ताई,’ मास्तर म्हणाला. ‘दोन सांगितल्यास तर दोन्ही जातील. आधी दाराला कुलूप लावून घेऊ. बाकीचं मागाहून होईल.’

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी घरी कुणी पाहुणे आले की ती त्यालाच पुढे ढकलायची. आपल्याला बोलता येत नाही, याला येतं, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. ‘तू म्हणतोस तर तसं,’ ती म्हणाली.

प्रत्यक्ष समितीसमोर ती अप्रतिम बोलली. मास्तर मागच्या रांगेत ओठ हलवत बसला होता. ती थांबली तिथे सगळं दालन थांबलं. एका सदस्यानं चष्मा काढून पुसला, दुसऱ्यानं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तक्रारीचा विषय निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी येऊ घातलेल्या कायद्याला नाव दिलं: आईचा कायदा. त्या नावानंतर कायद्याला विरोध करायचा म्हणजे आईला विरोध करायचा. विरोधकांनी मूग गिळले.

समितीनं मंचालाच सांगितलं की नेमकं काय हवं ते लिहून द्या. मंचाला म्हणजे कंपनीला. जिन्याच्या बाजूचं मंचाचं दार उघडलं आणि कंपनीकडे जाणारं मधलं बंद झालं, इतकंच. वकीलबाई, डायरेक्टर, यंत्रवाल्यांचा प्रमुख आणि मास्तर असे चौघे बसले. वय सिद्ध न करणाऱ्या खात्यांचं काय करायचं, या मुद्द्यावर चहा दोनदा आला.

‘नुसतं गोठवून ठेवलं तर संकेतस्थळं म्हणतील, पडू दे गोठलेलं, कोण तपासणीचा खर्च करतंय,’ डायरेक्टर म्हणाला. ‘सगळं कायमचं पुसायचं. खातं जाणार, आतलं सगळं जाणार, असं म्हटलं की लोक स्वतःच तोंड दाखवायला धावत येतात.’

‘अपवाद?’ वकीलबाईंनी विचारलं. ‘आजारी माणसं, म्हातारी माणसं, ज्यांच्याकडे कॅमेरा नाही अशी?’

‘अपवाद म्हणजे भोक. एक ठेवलं की सगळं धान्य त्यातूनच गळतं.’

वकीलबाईंनी लिहिलेलं कलम इतकं गुंतागुंतीचं होतं की त्यात शिरलेला माणूस बाहेर आला नसता. मास्तरनं ते सरळ केलं. ज्या खात्याच्या मालकाने ठरलेल्या मुदतीत आपले वय सिद्ध केले नाही, ते खाते बंद करून त्यातील सर्व मजकूर कायमचा नष्ट करावा. यास कोणताही अपवाद असणार नाही. सगळ्यांनी वाचलं. ‘वा मास्तर,’ डायरेक्टर म्हणाला, ‘हे शाळेतल्या पोरालासुद्धा कळेल.’ कायदा मंजूर झाला तेव्हा त्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवला नव्हता, आणि मास्तरला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोला, वाटला. एका मेलेल्या मुलाच्या नावानं कायदा लिहायला चार शहाणी माणसं बसली होती, आणि मेलेल्यांच्या खात्यांचं काय होणार, हे चौघांपैकी एकाच्याही मनाला शिवलं नाही. त्यांत एक त्याचा सख्खा मामा होता.

कंपनीनं ताईच्या घरी फुलं पाठवली. एवढा गुच्छ ठेवायला घरात भांडं नव्हतं. ताईनं तो बादलीत ठेवला आणि चार दिवस पाणी बदललं.

मुदत संपली त्या आठवड्यात कंपनीत सणासारखं वातावरण होतं. यंत्र दिवसरात्र तोंडं बघत होतं. मास्तर एका नव्या बापाला श्वास कुठे घ्यायचा ते सांगत होता, तेवढ्यात ताईचा फोन आला.

‘अरे, भोंगा लागत नाहीये.’

‘नेट गेलं असेल.’

‘नेट आहे. त्याचं नावच येत नाहीये. काहीतरी लिहिलंय, मला नीट कळत नाही. तू ये.’

तो गेला. भांडी साबण लावून तशीच पडली होती, साबण सुकून पांढरा झाला होता. ताईनं फोन पुढे केला. पडद्यावर लिहिलं होतं, या खात्याच्या मालकाने ठरलेल्या मुदतीत आपले वय सिद्ध न केल्यामुळे खाते बंद करून त्यातील सर्व मजकूर कायमचा नष्ट करण्यात आला आहे. शब्दाला शब्द. ॲपवाल्यांनीही त्याला नवीन वाक्य लिहायचे कष्ट घेतले नव्हते. एवढं सोपं वाक्य कुठल्या गाढवानं लिहिलं, असं त्याला वाटलं, कारण त्यातून दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती.

‘पण आधी सांगायचं तरी!’ ताई म्हणाली. ‘कुणी सांगितलंच नाही.’

सांगितलं होतं. ॲपवाल्यांनी रीतसर सूचना पाठवल्या होत्या, खात्याच्या मालकाला, त्याच्या फोनवर. पाकिटातल्या त्या फोनला कोण उत्तर देणार होतं?

‘मी बघतो,’ मास्तर म्हणाला आणि जिना उतरून रस्त्यावर आला. ॲपच्या कंपनीतला एक अधिकारी त्याच्या ओळखीचा होता. कायद्याच्या बैठकांत दोघं शेजारी बसले होते. त्याला तिथूनच फोन लावला. तो अधिकारी सज्जन होता, त्यानं लगेच शोधलं, आणि पुन्हा फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

‘गेलंय हो सगळं.’

‘तुमच्याकडे राखीव प्रत असेल ना? असतेच.’

‘असायची. कायद्यानं तीही पुसायला लावली. नीट पुसलं की नाही ते तपासायला माणसं येऊन गेली.’

‘कुठली माणसं?’

‘तुमचीच,’ तो म्हणाला.

पुसल्याची तपासणी करायचं कामही कंपनीलाच मिळालं होतं. हे मास्तरला माहीत होतं, नाही असं नाही. पण माहीत असणं आणि रस्त्यात उभं राहून कानात ऐकणं यात फरक असतो.

तो तडक डायरेक्टरच्या खोलीत गेला, दार न वाजवता. जे तोंडाला येईल ते बोलला. तुम्ही, मी, आपण सगळ्यांनी मिळून त्या पोराला दुसऱ्यांदा मारलं, असंही बोलला. डायरेक्टरनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. त्यानं उठून दार लावलं, पाणी दिलं, आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवला.

‘फार वाईट झालं,’ तो म्हणाला. ‘फार म्हणजे फारच.’ मग खिडकीशी गेला, आणि तिथे उभ्या उभ्याच त्याच्या पाठीत काहीतरी ताठ झालं. ‘मास्तर, अशी खाती देशात किती असतील हो?’

मास्तरला प्रश्न कळलाच नाही.

‘गेलेल्या माणसांची. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी आहे. आई आहे, बायको आहे. आपण कायद्यात सुधारणा मागू. वारसानं आपलं तोंड दाखवायचं, नातं सिद्ध करायचं, गेलेल्याच्या जुन्या फोटोशी चेहरेपट्टी जुळवायची. आपलं यंत्र हे सहज करेल. मग खातं वारसाच्या ताब्यात. एकाही आईवर पुन्हा अशी वेळ येणार नाही.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यामागे हिशेब चालू होता. दोन्ही खरं होतं, हेच त्या माणसाचं भयंकर होतं. ‘आणि हे सांगायला तिच्याइतकं योग्य कोण आहे?’

‘तिचं गेलंय,’ मास्तर म्हणाला. ‘सुधारणा झाली तरी तिला काय मिळणार?’

‘तिला नाही मिळणार. इतरांना मिळेल,’ डायरेक्टर म्हणाला. ‘तिला खोटं सांगू नका. फक्त सगळं सांगायची घाई करू नका.’

खाली रस्त्यावर येईपर्यंत मास्तरनं ठरवलं होतं की ताईला स्वच्छ सांगायचं. कलम मी लिहिलं. भोंगा आता नाही, कुठेच नाही. तुझ्या तोंडून जे वदवून घेतलं तेही मीच. हे तो वाटेत मनातल्या मनात बोलून पाहत होता, कुठे थांबायचं तेसुद्धा ठरवत होता, सवयच वाईट.

दार भाऊजींनी उघडलं. ते कामावर गेले नव्हते. ताई स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपुढे स्टुलावर बसली होती, आणि फोन बरणीला टेकवलेला होता. त्याला पाहताच ती उठली.

‘सापडलं?’

मास्तरनं तोंड उघडलं. श्वास घेतला. समोर ताईचा चेहरा होता, पाहुण्यांपुढे त्याला पुढे ढकलताना असायचा तसाच, याला सगळं येतं असा.

‘कायद्यात एक चूक राहिलीय,’ तो म्हणाला. ‘ती दुरुस्त करून घ्यावी लागेल. दुरुस्त झाली तर...’

‘तर परत येईल?’

‘बघू ना.’

‘बघू म्हणजे येईल ना?’

‘हो,’ मास्तर म्हणाला. ‘येईल.’

झालं. एका शब्दाचं काम होतं. ताईनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. हाताला साबणाचा वास होता. ‘अहो, ऐकलंत का?’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘येणार म्हणतोय. मी म्हटलं नव्हतं, हा आहे तोवर काळजी नाही?’ भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते नुसते मास्तरकडे बघत राहिले. मास्तर नळाकडे बघू लागला. भाऊजी बराच वेळ बघत होते, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. पण बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जे आलं होतं, ते पुसायचा धीर त्यांनाही झाला नाही.

‘पुन्हा समितीपुढे जावं लागेल, ताई.’

‘जाईन की. आज सांग, आज जाईन.’ ती लगेच पदर सावरून भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. ‘पण या वेळी मी नुसतं रडगाणं नाही गाणार. त्यांना कळू दे ना काय गेलंय ते. मला सगळी पाठ आहेत त्याची. ऐक.’

तिनं घसा साफ केला आणि सुरू केलं. आवाज चढवून, अगदी भोंग्यासारखा, शिरा ताणून. ‘आणि मंडळी, दारात कोण आहे? मामा! मामाचं आगमन झालेलं आहे! बूट काढण्याचा प्रयत्न चालू आहे, पोट आडवं येतंय, मंडळी, पोट आडवं येतंय! डावा बूट निघाला! मैदानात जल्लोष! आता उजवा... मामा थकला आहे, मामा भिंतीचा आधार घेतो आहे, आणि इकडे आई विचारते आहे, चहा टाकू का, आणि मामा नाही म्हणणार का? मंडळी, मामा आजवर कधी नाही म्हणालेला नाही!’ शेजारच्या घरातला आवाज बंद झाला. ताई थांबत नव्हती. तिच्या गळ्यातून तो मुलगा जवळजवळ आला होता. एखाद्या शब्दावर तर हुबेहूब तोच. भाऊजींनी तोंडावर हात धरला.

ती थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. ‘कसं वाटलं?’ तिनं विचारलं.

मास्तरचा हात आपोआप वर झाला, तालमीच्या खोलीत व्हायचा तसा.

‘चांगलं आहे, ताई,’ तो म्हणाला. ‘फक्त जरा लांबतंय. अर्ध्यावर आण.’

ताईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. ‘कुठलं काढू?’ तिनं विचारलं, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत भोंग्याचे शब्द एकेक करून गाळायला सुरुवात केली.